हात वर करून मोजलेल्या स्की

बेर्मेतला हल्ली स्की नुसत्या बघितल्या तरी थकवा यायचा. पण काराकोलच्या डोंगरावर पर्यटकांना फिरवणं हेच तिचं पोट. आणि स्कीच्या तळावरच्या साहेबानं परवा एजे, म्हणजे ताई, म्हणत तोंडावरच सांगितलं होतं, "शनिवारी वरून खाली उतरून दाखवा, बेर्मेत एजे. पाय लटपटले तर पुढं लहान पोरांच्या उतारावर उभ्या राहा." पोरांच्या उतारावर! जिनं हा अख्खा डोंगर पायाखाली घातला, तिनं आता शेंबडी नाकं पुसायची!

म्हणून लेकीला, आयचुरोकला, सोबत घेऊन ती जुमाबेक आकेच्या, म्हणजे जुमाबेकदादाच्या, दुकानात आली. युरोपातल्या जुन्या स्की विकतो तो. म्हाताऱ्यानं बघताक्षणी फर्मावलं, "हात वर!"

बेर्मेतनं मुकाट्यानं हात वर केला. उंचावलेल्या मनगटाला टोक लागलं की माप बरोबर. काराकोलात बापानं लेकाला आणि आईनं लेकीला हेच शिकवलेलं.

"झालं, पुन्हा तेच!" आयचुरोक वैतागली. "आके, माझ्या अपाला बायकांच्या स्की दाखवा ना. हनुवटीपर्यंतच्या असतात त्या."

"फोटो काढायला येणाऱ्या पाहुणीबाईंच्या? बरं बाई, दाखवतो!"

"तू मध्ये बोलू नकोस गं," बेर्मेत खेकसली. "पाय दुखतात म्हणून पंधराव्या वर्षी स्की टाकून बसलीस. आळशी कुठली!"

आयचुरोक दाराशी जाऊन उभी राहिली. औषधाच्या दुकानात दिवसभर उभी राहणारी पोर ती, पण आईच्या लेखी आळशीच.

बेर्मेतला जोडी हवी होती एकच, आणि डोंगराची सोंगं चार. सकाळी काचेसारखा टणक बर्फ, दुपारी लोकांनी तुडवून केलेले ढिगारे, देवदारांत मांडीभर भुसभुशीत, मार्चात नुसता चिखल. अरुंद स्की टणक बर्फावर पकड धरते पण रानात रुतते. रुंद रानात तरंगते आणि सकाळी घसरते. जुमाबेकनं कुरकुरत मधल्या रुंदीची एक बायकांची जोडी काढली. बेर्मेतनं ती खांद्यावर घेतली. हलकी लागली. वाद घालायचं त्राणच नव्हतं, म्हणून तीच उचलली.

शनिवारी ती त्याच जोडीवर वरून निघाली. टणक बर्फावर पहिलं वळण घेतलं आणि स्की आपणहून वळली! ढिगाऱ्यांत गुडघ्यांनी नेहमीसारखी बोंब मारली नाही. झाडांमध्ये टोकं वर राहिली. खाली आली तर दम लागला होता, पण पाय तिचेच होते, ताब्यातले.

"सोमवारचा गट तुमचा," साहेब म्हणाला आणि निघून गेला.

खरं तर बेर्मेतनं आनंदानं ओरडायला हवं होतं. ती बाकावर मटकन बसली. म्हणजे पाय म्हातारे झालेच नव्हते! इतके हिवाळे ती पुरुषांच्या मापाचं, पुरुषांच्या ताकदीचं धूड वळवत राहिली आणि दोष देत राहिली स्वतःच्या गुडघ्यांना. रडू आलं तिला, आणि संतापही.

आयचुरोक चहा घेऊन धावत आली. "अपा, दुखतंय का?"

"नाही गं! तेच तर!" बेर्मेतनं तिचा हात धरला. "तुझ्याही मीच मोजल्या होत्या ना. हात वर करायला लावून."

"हो."

"तू आळशी नव्हतीस."

"रोज रात्री पाय चोळत रडायचे मी. तू म्हणायचीस, नाटकं करतेस."

बेर्मेतनं वाकून घाईघाईनं स्की सोडवल्या आणि लेकीपुढं सरकवल्या. "घालून बघ. एकदाच. इथल्या इथं, माझ्यासमोर."

आयचुरोकनं स्कीकडे बघितलं, मग वरच्या उताराकडे.

"आता नको, अपा," ती म्हणाली. "आता मला भीती वाटते."