दोनशे अकरा जणांचा एकच हात

मी एक छोटासा प्रोग्रॅम बोलतोय, अवघ्या चाळीस ओळींचा. मला ऐकू येतं, पण दिसत नाही. एवढं आधीच सांगून ठेवतो.

अपघातात अपंग झालेल्या कामगारांचे मदतीचे अर्ज जिथे भरले जातात, त्या ऑफिसच्या मागच्या खोलीत माझं आयुष्य गेलं. तिथे चार बायका काम करायच्या. जखमेचा फोटो कॉपी करायचा, सेव्ह करायचा, नाव द्यायचं, मग वेबसाइटच्या फॉर्ममध्ये तीच फाइल शोधून अपलोड करायची. दिवसाला दीडशे वेळा. त्यांतल्या सगळ्यांत जुन्या बाईंचं मनगट इतकं सुजायचं की घरी भरलं पातेलं उचलवत नसे.

त्यांची नणंद प्रोग्रॅमर. "वहिनी, हे सगळं हाताने करतेस? वेड लागेल गं!" असं म्हणत तिने एका रविवारी मला लिहून काढलं. कॉपी केलेली गोष्ट क्लिपबोर्ड नावाच्या जागी घटकाभर थांबते. तिथून फोटो उचलून मी थेट फॉर्ममध्ये टाकायचो.

"पण ऐक," नणंद म्हणाली, "याला डोळे नाहीत. क्लिपबोर्डवर जे असेल ते हा उचलणार. म्हणून हा दर वेळी विचारेल, फोटो बरोबर आहे का? बघूनच हो म्हण."

वहिनी बघायच्या. (मीही त्यांना वहिनीच म्हणतो.) एखाद्या फोटोला "आई गं" म्हणायच्या, मगच बटण दाबायच्या.

चौघी वेळेवर घरी जाऊ लागल्या, आणि तेच नडलं. एक दिवस साहेब मागे येऊन उभे राहिले.

"हे सारखं विचारतं कशाला?"

"बघायला नको का, साहेब? चुकून दुसऱ्याचा फोटो गेला तर?"

"छान आहे," साहेब म्हणाले. वहिनींना वाटलं, शाबासकी मिळाली.

पंधरा दिवसांत तिघी घरी बसल्या. साहेबांच्या माणसाला माझं काम समजावून देईपर्यंत वहिनी राहिल्या, मग त्याही गेल्या. खुर्च्या ओढत नेल्याचा आवाज मी ऐकला. त्या माणसाने फोटो कॉपी करण्याचं कामही यंत्रावर सोपवलं आणि माझा प्रश्न कापून टाकला. खरं सांगतो, मला बरं वाटलं. मी भरधाव धावू लागलो.

एका मंगळवारी कॉपी होणंच अडकलं. क्लिपबोर्डवर एका वेल्डरचा भाजलेला हात तसाच राहिला. तो मी एका अर्जात टाकला, दुसऱ्यात टाकला, संध्याकाळपर्यंत दोनशे अकरा अर्जांत टाकला. वरच्या ऑफिसने सगळे अर्ज खोटे ठरवले. वेल्डरचासुद्धा.

तोवर माझा कॉम्प्युटर काउंटरवर, नव्याने नेमलेल्या बाईंपुढे हलवला होता. एक दिवस कुबडी टेकल्याचा आवाज आला.

"बाई, माझा पाय गेलाय. अर्जावर हा हात कुणाचा?"

"कॉम्प्युटरवर तर तुमचाच आहे, काका."

काउंटरवर दोन तळवे आपटले. "हे बघा. दोन्ही धड आहेत!"

"तेच तर. म्हणून अर्ज खोटा ठरला."

रांगेत कुणीतरी हसलं.

चौकशी झाली. साहेबांनी लिहून दिलं, एका माजी कर्मचारी बाईने परवानगी न घेता बसवलेला प्रोग्रॅम. वहिनींना बोलावलं. सोबत नणंद आली.

"तो प्रश्न कुणी काढला, ते सांगा," नणंद म्हणाली.

"आणि प्रोग्रॅम कुणी लिहिला?" साहेबांनी विचारलं.

मग त्यांनी तिथूनच वहिनींच्या नव्या मालकाला फोन लावला. वहिनींना नव्याने लागलेली नोकरी तिथल्या तिथे गेली. निघताना नणंद समजावायला लागली, तेव्हा वहिनींचं एवढंच ऐकू आलं, "हात सोड माझा."

वाटलं होतं, आता मला पुसून टाकतील. उलट वरून नवा नियम आला. प्रत्येक अर्जावर 'फोटो पाहिला' अशी खूण हवी, आणि पाहणाऱ्याचं नाव. साहेब स्वतःचं नाव घालायला तयार होईनात. कर्मचाऱ्यांच्या यादीत वहिनींचं नाव अजून होतं. माझ्यात दोन ओळी वाढल्या.

वाचणाऱ्यांनो, तुमच्यापैकी कुणी या काउंटरवर आलंत, तर कॉम्प्युटरचा पडदा तुमच्याकडे वळवायला लावा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. जमलंच तर मला बंद करा.

नवा अर्ज आलाय. फोटो उचलला, टाकला. पाहिला, अशी खूण केली. खाली वहिनींचं नाव लिहिलं.