शुक्रवारचा बापू

“भिया, तो पाइप तिरपा दिसून राह्यला,” धरमसिंग खालून ओरडला.

“पाइप सरळच हाये. तुही मान तिरपी हाये,” देवीलाल वरूनच म्हणाला.

ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या बाया खदखदून हसल्या. धरमसिंग म्हणजे देवीलालचा धाकटा भाऊ. त्यानेही हसत मान चोळली आणि पुढचा पाइप वर दिला. देवीलालने तो एका हाताने झेलला, बसवला, चाप घट्ट केला आणि त्यावर पाय देऊन एकदा जोराने दाबून पाहिला. लग्नाचा मांडव तो! वर कापडाशिवाय काही येणार नव्हतं. पण हा गडी असा बांधत होता, की जणू त्यावर उद्या चाळीस माणसं विटा घेऊन चढणार आहेत.

मांडवाचं काम खरं तर दारव्ह्याच्या डेकोरेशनवाल्याला द्यायचं ठरलं होतं. देवीलाल अडून बसला. “पाइप त्याचे आणा, बांधीन मी. माह्या पोरीचा मांडव हाये,” म्हणाला. वीस वर्षं दुबईत त्याने दुसरं केलं काय? परांच्या बांधल्या. बिल्डिंग वर जायची तसा तो तिच्या अंगाबाहेरून वर वर जायचा. बिल्डिंग उभी राहिली, काचा चढल्या, की परांची उतरवायची आणि दुसऱ्या वाळूत जाऊन पुन्हा पहिल्या मजल्यापासून सुरुवात. गेला तेव्हा जिथे नुसती वाळू होती तिथे परत येताना मान मोडेपर्यंत वर पाहावं लागत होतं. त्यातल्या एकाही बिल्डिंगीत तो आतून कधी गेला नाही.

गेला तेव्हा त्याची पोरगी वर्षा दहा महिन्यांची होती. दोन वर्षांनी सुट्टी मिळायची, कधी तीन वर्षांनी. सगळ्या सुट्ट्या मिळून नऊ महिने भरतात, असं एकदा त्याच्या बायकोनेच, भुरीबाईने, बोटं मोजून सांगितलं होतं. “एक लेकरू पोटात राह्यते, तेवढे दिवस तुम्ही घरात राह्यले,” ती म्हणाली होती. भांडून नाही, भाकरी थापता थापता म्हणाली.

आता तो दिवाळीपासून कायमचा घरी होता. पन्नाशी उलटली, गुडघे वाजायला लागले, कंपनीने कागद पुढे वाढवले नाहीत. घरात मीठ कुठल्या डब्यात असतं ते त्याला माहीत नव्हतं. दारातलं कुत्रं अजून त्याच्यावर भुंकायचं. तांड्यातले लोक भेटले की विचारायचे, “मंग, परत कधी?” त्यांची चूक नव्हती, वीस वर्षं त्यांनी हेच विचारलं होतं. म्हणून तर तो मांडवावर चढला होता. वर चढलं की त्याला आपण कोण आहोत ते कळायचं.

आतल्या खोलीत वर्षाची आजी सुखीबाई तिला ढावलो शिकवत होती. बंजाऱ्यांच्या तांड्यात लेक सासरी निघते तेव्हा एकेकाच्या गळ्यात पडून रडते, त्याला ढावलो म्हणतात. नुसतं हमसून चालत नाही. सुरात रडायचं, आणि रडता रडता त्या माणसाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. ज्याच्या गळ्यात लेक जास्त वेळ रडली तो माणूस त्या दिवशी तांड्यात मोठा. आजकालच्या पोरींना हे येत नाही, त्या डोळ्याला रुमाल लावतात आणि गाडीत बसतात. पण वर्षा बी. ए. झालेली असूनही स्वतःच म्हणाली होती, “मले शिकव दादी, मी म्हणीन.”

देवीलालने हे ऐकलं तेव्हापासून त्याच्या मनात एकच गोष्ट बसली होती. आपल्या गळ्यात पोरगी कशी रडेल? कोणाजवळ बोलला नाही, पण लग्नासाठी शिवलेल्या शर्टाचा खांदा त्याने दोनदा हात फिरवून पाहिला होता.

आतून वर्षाचा आवाज वर येत होता. आईचं म्हणून झालं. मग काकाचं निघालं. काका, मला ताप चढला तेव्हा तू सायकलवर मला दारव्ह्याला नेलंस, वाटेत चेन तुटली तर मला पाठीवर घेऊन पळालास. काका, दहावीच्या पेपरला तू तीन तास झाडाखाली उभा राहिलास. खाली धरमसिंग पाइप हातात धरून ऐकत होता. त्याने नाक ओढलं.

“आता बापूचं घे,” सुखीबाई म्हणाली.

आतून काहीच आलं नाही.

“घे ना वो पोरी.”

“बापूचं काय म्हणू, दादी?”

“जे हाये ते म्हण.”

“तेच तं. काय हाये?”

पोरगी उर्मटपणे बोलली नव्हती. गणित अडल्यावर लेकरू विचारतं तसं तिने विचारलं होतं. देवीलालचा हात चापावर थांबला. धरमसिंगने वर पाहिलं नाही, आणि बरं झालं नाही पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्षा ओट्यावर एकटी सापडली. देवीलाल तिच्याजवळ जाऊन बसला. तिने लगेच पदर सावरला, पाहुणा आल्यावर सावरतात तसा. 

“बेटा, तुले ते आठवते का?” त्याने सुरुवात केली. “दारव्ह्याचा बाजार? तू तीनक वर्षाची असशीन. माह्या खांद्यावर बसून होती. लाल शिट्टी पाह्यजे म्हणून माहा कान असा पिळला, असा पिळला, का म्या सगळ्या बाजारात बोंब मारली. अन् शिट्टी घेतल्यावर तू माह्या कानातच वाजवली!”

तो सांगता सांगता हसला. ही त्याची ठेवणीतली गोष्ट होती. प्रेम नावाचा सोबती गेल्यानंतर तर त्याला त्या गोष्टीचाच आधार होता. प्रेम म्हणजे दिग्रसकडच्या तांड्यातला, त्याच्याच गटातला पोरगा. एका गुरुवारी एकतिसाव्या मजल्यावर प्रेमने कमरेच्या पट्ट्याचा हूक एका पाइपवरून काढला आणि दुसऱ्यावर अडकवायच्या आधी हाक आली म्हणून मान वळवली. एवढंच झालं आणि तो खाली गेला. देवीलाल त्याच्यापासून दोन हातांवर होता. ही गोष्ट त्याने घरी कधीच सांगितली नाही, कायले घोर लावायचा घरच्यांना? पण त्यानंतर उंचावर कधी डोकं गरगरलं, की तो डोळे मिटायचा आणि छातीवर लोंबणारे दोन इवलेसे पाय आठवायचा. कान दुखल्यासारखा वाटायचा. मग तो पुढचा चाप घट्ट करायला घ्यायचा.

वर्षाने आईकडे पाहिलं. भुरीबाई दारात सुपडं घेऊन उभी होती. तिने सुपडं खाली ठेवलं.

“अवो,” ती हळूच म्हणाली, “ते तुम्ही नव्हते.”

“म्हंजे?”

“तो धरमसिंग होता. पोरगी त्याच्या खांद्यावर होती. त्यानंच तुमाले रात्री फोनवर सांगतलं, तुम्ही लय हासले. त्या साली तुम्ही आलेच नाई. त्याच्या आंधीच्या सालीबी नाई.”

देवीलालने आपल्या कानाला हात लावला. मायबाई! इतकी वर्षं तो दुसऱ्याचा कान स्वतःचा म्हणून दुखवून घेत होता. आणि भुरीबाई खोटं बोलणारी बाई नव्हे, हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

वर्षाला त्याची दया आली. ते त्याला दिसलं, आणि तेच त्याला जास्त लागलं. “चालते ना बापू,” ती म्हणाली, “म्हणीन मी तेच. कोणाले काय समजते?”

“नको.” तो उठला. गुडघा कट्कन वाजला. “लबाडीचा ढावलो नको बेटा. नसन तं नसू दे.”

आणि तो मांडवाचे चाप पुन्हा एकदा तपासायला गेला. ते कालच तपासून झाले होते.

लग्न लागलं. मुकुटबनकडचे पाहुणे जेवले, मांडवाची तारीफ झाली. नवरदेवाच्या मामाने एका खांबाला धक्का देऊन पाहिला आणि, “हत्ती बांधा लेकहो याले!” म्हणाला. देवीलाल हसला. पण त्याचं लक्ष उन्हाकडे होतं. ऊन मांडवाच्या पश्चिमेच्या कापडावर आलं आणि बायांनी वर्षाला बाहेर आणलं.

ती आधी सुखीबाईच्या गळ्यात पडली, मग आईच्या. भुरीबाई तर उभीच राहू शकली नाही, दोघी मायलेकी खाली बसून रडल्या. मग धरमसिंग. तापाची रात्र आली, तुटलेली चेन आली, पेपरचं झाड आलं, आणि लाल शिट्टीही आली. पोरगी काकाच्या मानेला अशी बिलगली की तिघी बायांनी मिळून तिला सोडवलं. कडेला उभ्या बाप्यामाणसांचे डोळे भरले. धरमसिंगचा शर्ट ओला झाला.

मग ती देवीलालसमोर आली.

त्याने खांदा थोडा पुढे केला. वर्षाने त्यावर हात ठेवला. तोंड उघडलं, सूर लावला, “बापू...” आणि थांबली. सगळा तांडा थांबला. तिने पुन्हा श्वास घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते मघाच्या रडण्याचं उरलेलं होतं. देवीलाल तिच्या कपाळावरच्या हळदीकडे पाहत राहिला. काही येणार नाही, हे तिच्याआधी त्याला कळलं.

ती खाली वाकली आणि तिने त्याचे पाय धरले. सुखीबाई म्हातारी मोठी हुशार. तिने तेवढ्यात स्वतःच गळा काढला, बाकीच्या बायांनी तो उचलला, आणि त्या कल्लोळात ते झाकून गेलं. निदान झाकलं गेलं असं सगळ्यांनी मानलं.

“सांभाळून जाजो बेटा,” देवीलाल म्हणाला. “गाडी थांबून हाये.”

जीप धूळ उडवत गेली. पाहुणे पांगले. धरमसिंग भिंतीला टेकून बसला होता. देवीलालने नवा शर्ट काढून खुंटीला लावला, बनियनवर पाना घेतला आणि मांडवावर चढला.

“भिया, उद्या काढू ना. आज कायले?”

“काम झालं का परांची उतरवा लागते,” देवीलाल म्हणाला.

त्याने कापड सोडलं. वर एकदम आभाळ मोकळं झालं. तो आडव्या पाइपवर दोन्हीकडे पाय टाकून बसला आणि पहिला चाप सैल करू लागला, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. ती धून तो झोपेतही ओळखायचा. इमो ॲपचा व्हिडिओ कॉल. दुबईत बाकीची ॲपं चालत नसत, म्हणून घरच्यांनी हेच घेतलं होतं. तो परत आल्यापासून ते एकदाही वाजलं नव्हतं.

पडद्यावर वर्षा होती, जीपच्या मागच्या सीटवर. बाजूला नवरदेव खिडकीबाहेर पाहत होता, बिचाऱ्याला कुठे पाहावं ते कळत नव्हतं. कोपऱ्यातल्या लहान चौकोनात देवीलालला स्वतःचा चेहरा दिसला, आणि मागे नुसतं आभाळ.

“काय झालं बेटा? गाडी बंद पडली काय?”

वर्षाने नुसती मान हलवली. ती त्याच्याकडे पाहत होती. दुबईत एका खोलीत आठ माणसं, बोलायला जागा नाही, म्हणून तो दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, दाढी करून कामगारांच्या कॅम्पच्या गच्चीवर जायचा आणि तिथून फोन लावायचा. नंतर तिकडे सुट्टीचा वार बदलला, पण त्याच्या फोनचं नाव घरात शुक्रवारचा फोनच राहिलं. त्या फोनमध्ये बापूच्या मागे कायम असंच आभाळ असायचं.

“समोर होते तं आलंच नाई बापू,” वर्षा म्हणाली, “लाज वाटली मले.” आणि तिचा चेहरा एकदम मोडला.

तिने सूर लावला. गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, हुंदक्यांतून, गाडीच्या धक्क्यांबरोबर तुटत तुटत. ती म्हणत होती ते असं होतं. बापू, शुक्रवारी मी शाळेतून पळत यायची. बापू, तुम्ही दाढी करून बसायचे, गालाला कापलेलं असायचं. बापू, काय जेवली ते तुम्ही विचारायचे, आणि मी दोनदा सांगायची, कारण मग तुम्ही जास्त वेळ थांबायचे. बापू, एका शुक्रवारी तुम्ही काहीच बोलले नाहीत. नुसते माझ्याकडे पाहत राहिले. आवाज येत नाही, नेटवर्क नाही म्हणाले. मी सहावीत होते बापू. मागून अजानचा आवाज येत होता, तुमचा श्वास येत होता. नेटवर्क चांगलं होतं. तेव्हापासून मी रोज तुमचं नाव घेऊन झोपले.

तो प्रेमच्या गुरुवारानंतरचा शुक्रवार होता. देवीलालच्या हातातला पाना खाली पडला. भुंकणारं कुत्रं दचकून बाजूला झालं. तो रडला. वीस वर्षांत कुठल्याच मजल्यावर रडला नव्हता तसा, बनियनला तोंड पुसत, मोठ्याने रडला. पोरगी यवतमाळच्या अलीकडे कुठेतरी रडत होती आणि तिचा बाप मांडवावर. गळ्यात हात टाकायला समोर कोणीच नव्हतं.

मग घाट लागला असेल. चित्र अडकलं, वर्षाचं तोंड उघडंच राहिलं, आणि पडदा काळा झाला. त्याने दोनदा लावून पाहिला. लागला नाही.

“कोणाचा फोन?” धरमसिंग खालून हाक मारत उठला होता.

“वर्षाचा,” देवीलाल म्हणाला. “रडली माह्यासाठी.”

धरमसिंग मांडवाखाली आला. त्याने पाना उचलून वर धरला. “घे भिया. नाईतं उतर आता खाली. बाकीचं मी काढतो.”

“बसतो जरासा,” देवीलाल म्हणाला. “तू जा. खाली गेलो का रेंज जाईन.”

भुरीबाई चहा घेऊन आली आणि मांडवाखाली उभी राहिली. तिने वर पाहिलं. देवीलाल पाइपवर बसून होता आणि फोन त्याने तोंडासमोर, हातभर अंतरावर, तसाच धरून ठेवला होता.