उणे चाळीस अंशांतला वाटाणा

मित्रांनो, मी एक जुना कपॅसिटर आहे. वाटाण्याएवढा, पिवळा, दोन तारांच्या पायांचा. वीज साठवायची आणि लागेल तशी सोडायची, हे माझं काम. विजेचा छोटासा रांजणच म्हणा. कारखान्यात मला भाजलं, गोठवलं, मोजलं आणि मगच माझ्या अंगावर आकडे उमटवले.

पुढे मी अलास्कात आलो, ओलिंका आत्याच्या हँगरात. ती छोटी विमानं दुरुस्त करायची आणि तिचा भाचा इव्हॉन ती उडवायचा. मी मात्र कित्येक वर्षं तिच्या खणात पडून होतो.

एका जानेवारीत इव्हॉनच्या विमानाचा रेडिओ मुका झाला. आतला कपॅसिटर गेला होता आणि रेडिओ बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. विमानात वाटेल तो भाग बसवता येत नाही. पण मूळ भाग बाजारातल्या प्रमाणित जातीचा असेल, तर त्याच्या तोडीचा दुसरा चालतो, आणि गेलेला कपॅसिटर तसाच होता. इकडे नदीच्या वरच्या गावात इव्हॉनची बहीण नस्तास्या हिचे दिवस भरत आले होते. वादळाआधी तिला आमच्या गावच्या दवाखान्यात आणायचं होतं. रेडिओशिवाय त्या हवेत कोण उडणार?

आत्याने खणातून एक निळा, जाडजूड कपॅसिटर उचलला. क्षमता तीच, व्होल्ट तेच. तो बसवताच रेडिओ खणखणीत बोलू लागला. विमान बाहेर बर्फात नेलं आणि थोड्याच वेळात रेडिओ पुन्हा गप्प.

"आत्या, हा माझ्यावर गेलाय," इव्हॉन म्हणाला. "शेगडीजवळच बडबडतो."

आत्या हसली नाही. "चुकलंच माझं. उबेत तपासला मी. उडायचं कुठे आहे ते बघितलंच नाही."

तिने निळ्याला काढलं, खणातून मला शोधलं आणि आम्हा दोघांना बाहेर बर्फावर ठेवलं.

"आता?"

"आता चहा. आणि माझ्या वाटणीच्या सुक्या माशाला हात लावू नकोस."

"नस्तास्या वाट बघतेय गं."

"म्हणूनच घाई नको."

चहा संपल्यावर तिने आम्हाला तिथेच, उघड्यावर मोजलं. निळ्याच्या पोटातला द्रव गारठला होता. त्याची निम्मी ताकदही उरली नव्हती. माझ्या पोटात टँटलम धातूची घट्ट दाबलेली कोरडी भुकटी. मी होतो तसाच होतो.

"अरे, तू इथे होतास होय?" आत्या मला म्हणाली. आयुष्यात मला एवढा मान कधी मिळाला नव्हता.

माझे आकडेही तेच होते, म्हणून तिने मला रेडिओत बसवलं. इव्हॉन गेला, बहिणीला घेऊन निघाला आणि परतीच्या वाटेवर धुक्याने नदी गिळली.

"आत्या, खालचं काही दिसत नाहीये. ऐकतेस ना?"

"ऐकतेय. धावपट्टी मोकळी आहे, वारा पश्चिमेचा. पोरीला सांभाळून आण."

त्या बोलण्यातला शब्द न् शब्द माझ्या आधाराने गेला. एकही तुटला नाही.

आता ते विमान नवा रेडिओ वापरतं. मी जुन्या रेडिओत, फळीवर असतो. नस्तास्याची मुलगी कधी कधी झाकण उघडून विचारते, "हा? एवढासा?"

"एवढासाच," आत्या म्हणते. "तुला आणलं त्याने."

मित्रांनो, भाग लहान म्हणून त्याला कमी लेखू नका आणि नुसते आकडे जुळले म्हणून बसवूही नका. त्याला जिथे राबायचं आहे तिथली हवा आधी त्याला दाखवा. मग बघा, वाटाणासुद्धा विमानाची साथ सोडत नाही.