वायरलेसवरचं मराठी

तिवारीजींनी रेकॉर्डिंग पुन्हा सुरुवातीला नेलं आणि हेडफोन चारुतापुढे सरकवला. कंट्रोल रूममधल्या माना लगेच आपापल्या पडद्यांकडे वळल्या. कान मात्र इकडेच होते.

पोलीस, अग्निशमन, वनखातं, अँब्युलन्स, सगळ्यांचं वायरलेस एक झालं आणि तेव्हापासून प्रत्येक खातं दुसऱ्याकडे संशयाने बघू लागलं. बेतवेच्या घाटावर वाळूचोरांना धरायला जावं, तर घाट रिकामा. गेल्या खेपेला पळणारा शेवटचा ट्रॅक्टर जयसिंग नावाच्या वनरक्षकाच्या पायावरून गेला. पाय कापावा लागला. मग मात्र फितूर कोण, हे शोधणं भाग पडलं.

"आपके निशांतजी हैं, फायर स्टेशन से," तिवारीजी हळू आवाजात म्हणाले. "उधर कौशिक, घाट के पास वाली एम्बुलेंस पर. हर छापे से पहले दोनों मराठी में कुछ बोलते हैं. बाहर के आदमी से क्या पूछता? आप ही बताइए."

चारुताला संताप आला. पिढ्यान्‌पिढ्या झाशीत राहूनही मराठी बोललं की यांना कारस्थानच वाटतं! मुळात बोलायला माणसं उरलीत किती? तिचा नवरा मावसभावाशी चार शब्द बोलला, तर कुणाचं काय बिघडलं?

तिने हेडफोन लावला.

"कौशिक, आज जेवायला येऊ नकोस. आई घरी नाहीये."

"बरं, दादा."

बस, एवढंच. तिने हेडफोन काढून ठेवला.

"कह रहे हैं, आज खाने पर मत आना. आई घर पर नहीं हैं."

तिवारीजींनी सुटकेचा श्वास टाकला. त्यांनाही हेच ऐकायचं होतं.

"माफ़ करना, मैडम. घर की बात निकली."

खोलीत पुन्हा बोलणं सुरू झालं. कुणीतरी तिच्यापुढे चहा आणून ठेवला. तिने एकही शब्द खोटा सांगितला नव्हता. उठून आपल्या खुर्चीवर जाऊन बसायचं, की झालं. निशांतवर तिचा जीव होता. पण तिचे पाय जागचे हलेनात.

तिवारीजी दारापर्यंत पोहोचले होते.

"सर," ती म्हणाली. "हमारी सास को लकवा है. वो खाट से उठती तक नहीं."