मार्सलीची जमीन

माझ्या धाकट्या भावाला, टॉर्किलला, लेफ्टनंट व्हायचं होतं. पोरं आणा आणि हुद्दा घ्या, नवी पलटण उभारायचा हा रिवाजच. जमीनदारही खोरंभर सांगत फिरला: ज्या घरातून मुलगा जाईल, त्या घराकडची कसायची जमीन मी काढून घेणार नाही. म्हणून विधवा मार्सलीनं आपला एकुलता एक रोरी दिला.

पलटण कसली, औटघटकेचा खेळ! हिंदुस्थानात पोचली न पोचली तोच तह झाला, आणि परत आल्याबरोबर मोडली. टॉर्किलचा हुद्दा राहिला, पण काम नाही म्हणून तो अर्ध्या पगारावर घरी आला. रोरी जातानाच जहाजावर तापानं वारला होता.

आता जमीनदार म्हणतो, पलटणच नाही तर वचन कसलं? त्याला मार्सलीच्या जमिनीवर मेंढ्या सोडायच्यात. मार्सलीला हे सांगायचं कुणी? तर तिचा मुलगा नेणाऱ्यानं!

"ताई, तूच जा ना," टॉर्किल मला म्हणाला.

"वा रे वा! पोरगा न्यायला बरा गेला होतास वाजतगाजत. चल, मी सोबत येते. बोलायचं मात्र तू."

मार्सलीनं ओटची भाकरी आणि चीज पुढे ठेवलं. टॉर्किलनं हात लावला नाही. मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, ही आता रडेल. छे! कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"पलटण मोडली तेव्हा एकेकाचं नाव घेऊन मोकळं केलं ना?"

"केलं, मावशी."

"मग माझ्या रोरीला कुणी मोकळं केलं? तो पलटणीत गेला आणि अजून पलटणीतच आहे. वचन मोडलंय कुठे?"

मला हसू आलं आणि लगेच गलबलून आलं. म्हातारीनं वकिलालाही गप्प केलं असतं.

"तू त्याचा साहेब होतास," ती म्हणाली. "जमीनदारासमोर शपथेवर सांगशील ना, त्याला कधीच मोकळं केलं नव्हतं म्हणून?"

टॉर्किलनं मान वर केली.

"सांगेन. खरंच आहे ते. पोर्टस्मथ बंदरात जहाजावर चढण्याआधीच ताप होता त्याला. घरी पाठवा म्हणून माझ्या पाया पडला. पण एक माणूस जरी कमी झाला असता, तरी माझा हुद्दा गेला असता. नाही सोडलं मी त्याला, मावशी."

मार्सली मटकन खाली बसली. लाजेनं मला तिच्याकडे बघवेना.

"जमीनदाराला एवढं सगळं सांगू नकोस," शेवटी ती म्हणाली. "मोकळं केलं नव्हतं, इतकंच सांग. जमीन राहू दे माझी. आणि माझ्या दारात पुन्हा येऊ नकोस."