पडद्यावरची फणी

आमच्या काळी चुलीपुढं बसून मन भरून रडून घ्यायचं आणि कुणी विचारलं तर धूर लागला म्हणायचं. सगळ्यांना पटायचं. आता घरात गॅस आहे, मी रडत नाही, तरी डोळ्यांतून सारखं पाणी येतं; आणि जळकोटच्या आमच्या गल्लीनं ठरवून टाकलं की सून छळते.

सून निकिता. गुणाची पोर. पण तिला बघून बायका गप्प व्हायला लागल्या, तसं तिनं माझ्या लेकाला, कृष्णराजला सांगितलं, "आपण सोलापूरला खोली बघू. इथं मला तोंड दाखवायची चोरी झालीय." माझा जीव उडाला. लेक, सून, नात, सगळं घरच निघालं.

त्यातच नणंद, धुरपदाबाई, लोहाऱ्याहून आल्या, सुनेला जाब विचारायला. मी म्हटलं, "वन्सं, आधी उमरग्याला डोळ्याच्या डॉक्टरकडं चला. तुमच्यासमोरच होऊ द्या."

निकितालाही सोबत घेतलं. तिथं नवीन मशिनी आल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी पेनासारखं काहीतरी पापणीच्या कडेला टेकवून पाण्याचा बारीकसा थेंब घेतला. मग पापणी उलटून आतला फोटो काढला. पडद्यावर पांढऱ्या रेघा उमटल्या, दात पडलेल्या फणीसारख्या.

"आजी, तुमचे डोळे कोरडे आहेत."

"कोरडे? अवो, पदर भिजतोय माझा!"

"कोरडे पडतात म्हणून चुरचुरतात, आणि चुरचुरतात म्हणून पाणी येतं. या रेघा तेलाच्या ग्रंथींच्या. निम्म्या गेल्यात. तेल नाही, म्हणून पाणी डोळ्यात टिकत नाही. थेंबात खारटपणाही जास्त निघालाय."

"सुनंच्या जाचानंच वाढला आसंल," वन्सं म्हणाल्या, आणि बोलता बोलता त्यांनी स्वतःचे डोळे पदरानं पुसले. ते डॉक्टरीणबाईंच्या नजरेतून सुटलं नाही.

"या, तुम्हीही बसा खुर्चीत."

वन्संच्या खारटपणाचा आकडा माझ्याही वर गेला. त्यांची फणी तर पार बोडकी.

मी म्हटलं, "वन्सं, तुमाला तर सगळ्या लेकीच. घरात सून न्हाय. मग तुमाला कोन छळतंय?"

निकिता तोंडाला पदर लावून हसली. किती दिवसांनी हसली!

परतीची जीप गल्लीच्या तोंडाशी थांबली. वन्सं उतरल्या मात्र, आणि ओट्यावरच्या बायकांना मोठ्यांदा म्हणाल्या, "ए, सुनंला कुनी बोलायचं न्हाय! आमच्या दोगींच्या डोळ्यातलं त्याल संपलंय."

"म्हंजी वो?" बायका उठून जवळ आल्या.

निकिता सरळ त्यांच्यात जाऊन बसली आणि पापणी कशी उलटतात ते दाखवायला लागली.