धर्मानाखव्याची गाठ

फोन मुका होता. हँडल फिरवतोय, फिरवतोय, टेकडीवरून कोण बोलायलाच तयार नाही.

काशीदला चार-पाच देशांच्या सैन्याचा सराव चालू होता. वायरलेस बंद, कारण सरावातला शत्रू ऐकतो म्हणे. म्हणजे किनारा आणि टेकडीवरचं ठाणं यांच्यामधे फक्त वायर. आणि ती मी टाकलेली. पहिल्यांदाच हे काम माझ्याकडे आलं होतं. सुभेदार साहेबांनी सरळ सांगितलेलं, "हितेश, सैन्याच्या होड्या किनाऱ्याला लागायच्या आत फोन बोलला नाही, तर तू परत जनरेटरवर."

जनरेटर नको. आधी तेच करत होतो, जेवणालाही डिझेलचा वास यायचा.

जोडीला श्रीलंकेचा कॉर्पोरल सुरंगा. दोघांचंही इंग्लिश तोडकंमोडकं, त्यामुळे मस्त जमायचं. त्याला फोनपाशी बसवला आणि मी वायर मुठीत धरून निघालो. तुटलेली जागा अशीच शोधतात. वायर हातातून सरकवत चालायचं.

सुरूच्या बनातून ठीक होती. पुढे कोळीवाड्यापाशी मुठीला काहीतरी अडकलं.

गाठ. छोटी, चपटी, एकदम घट्ट.

बाजूलाच वर ओढलेली होडी. तिच्या सावलीत तिचा मालक धर्मानाखवा जाळं शिवत बसलेला.

"नाखवा, ही वायर कोणी तोडली?"

"मीच. होडी वर घेत व्हतो, मदीच तुजी दोरी. पन परत बांदून दिलीय ना! वडून बघ. जाल फाटंल, गाठ सुटाची न्हाय."

ओढली. खरंच सुटेना.

"अहो, दोरी नाही ही. हिच्यातून आवाज जातो."

"मंग गाठीतून न्हाय जात?"

पलीकडे त्याची बायको ठमाबाई बोंबील वाळत घालत होती. ती म्हणाली, "तुमच्या कानात जातो तेवडाच जात आसंल. सकालपासून हाका मारते मी."

मला हसू आलं, पण वेळ नव्हता. लांब जहाजावरून होड्या उतरवायला लागले होते.

चाकू काढला. गंमत म्हणजे आमच्याकडेही वायर जोडताना आधी गाठच मारतात, म्हणजे ताण तांब्यावर येत नाही. अर्धं काम नाखव्याने केलेलंच होतं! गाठ तशीच ठेवली. बाहेर राहिलेली टोकं सोलली, तांब्याला तांबं पिळलं, वर टेप. नाखव्याने धरून ठेवलं.

"येवडाच व्हता? आदी सांगायचा ना."

"परत होडी काढाल तेव्हा तोडू नका हां."

"मंग वालूत पुर की आताच." असं म्हणून तोच फळीने उकरायला लागला.

पळत परत आलो तर सुरंगा रिसीव्हर कानापासून लांब धरून बसलेला. "युवर साहेब," तो म्हणाला. "व्हेरी शाउटिंग."

घेतला.

"कुठे मेला होतास?"

"लाईनवर, साहेब. तुटली होती, जोडली."

"कोणी तोडली? शत्रूने?"

"नाही साहेब, गावातल्या नाखव्याने. होडीला आडवी आली. जोडायला पण तोच होता. आता वाळूत पुरलीय."



"बरं. जागा सोडू नकोस. दिसेल ते सांगत राहा."

सुरंगाने बसायला खोकं सरकवलं. मी टेकलो, पाय लांब केले. पहिली होडी लाटांत शिरत होती.

"आली साहेब, पहिली आली. ऐकू येतंय ना?"

"बोल, बोल. शेजारी बसल्यासारखा येतोयस."